अकीकाचे नऊ साचे

१२ नोव्हेंबर, मंगळवार

माझ्या हातानं केलेलं: पत्र्याची शेड, दहा बाय बावीस, वेल्डिंगसह. आतलं टेबल, लेव्हल अशी की वर ठेवलेली गोटी हलत नाही. जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरचा पंप, रेझिनमधले, म्हणजे ओतायच्या पातळ प्लॅस्टिकमधले, बुडबुडे ओढून काढायला. सिलिकॉनचे नऊ साचे. त्यांतून कोस्टर, म्हणजे चहाच्या कपाखालच्या चकत्या, अकीक दगड कापावा तशा दिसणाऱ्या. सहा वर्षांत चार हजारांच्या वर. कापडाचे माग बंद पडले तेव्हा फिटर होतो. कुणाकडे शिकायला गेलो नाही.

हे इथे लिहायचं कारण, सांगलीच्या दवाखान्यातल्या कागदावर 'व्यवसाय' पुढे जेमतेम दीड इंच जागा. 'रेझिन' एवढंच लिहून दिलं.

बोटं फुटलीत. बेचक्यांतून पाणी येतं, पापण्या सुजतात. डॉक्टरीणबाईंनी पाठीवर तपासणीच्या चिकटपट्ट्या लावल्या, कशाचं वावडं ते कळायला. शुक्रवारपर्यंत आंघोळ नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

दुसऱ्या पट्टीखाली लाल, फोडांसकट. रेझिन.

"हातमोजे घालता?" घालतो. "नेहमी?"

नेहमी नाही. पातळ असताना ओतलं तर रंग एकमेकांत पळतात. काकवीइतकं दाट झालं की मगच दगडातल्यासारख्या रेघा उभ्या राहतात. ती वेळ मी उजव्या हाताच्या उघड्या बोटानं ओळखतो. मग थिनरच्या बोळ्यानं बोट पुसायचं. मागावर होतो तेव्हा हात रॉकेलनं धुवायचो, तीच सवय.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "थिनरनं तुम्ही ते कातडीत मुरवलंत. सहा वर्षं." आता शरीरानं वैर धरलंय, ते सुटत नाही म्हणाल्या. मोजे घालूनही चालणार नाही, वाससुद्धा नको. शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही.

माधवनगरपर्यंत बसमध्ये उभा होतो. जागा होती.

१७ नोव्हेंबर, रविवार

तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न. आलेल्यांना द्यायला एकशेवीस कोस्टर, १४ डिसेंबरपर्यंत. ऑर्डर इकबालची. तो आणि मी एकाच खात्यात फिटर होतो. त्यानं वेळेत सोडलं, सांगलीत गिफ्टचं दुकान टाकलं. माझा सगळा माल तोच विकतो. त्याला शब्द दिलाय.

तोंडाला मास्क, हातात मोज्यांवर मोजे घालून शेडमध्ये गेलो. मोज्यातून बोटाला काही कळत नाही. घाईत ओतलं. पांढरं निळ्यात पसरलं, नासलेल्या दुधासारखं. नऊच्या नऊ गेले.

संध्याकाळी डोळे उघडेनात. बायको, सुनंदा, म्हणाली, "आवं, आरशात बघा तरी. मलाच वळखू यीना तुमी."

२० नोव्हेंबर, बुधवार

तीन दिवस नुसता बसून. उशाशी दगड.

वडील कोयनेच्या कामावर मजूर होते. खोदाईत सापडलेला हा गोळा कोयनानगरहून पोत्यात घालून आणलेला. ते गारगोटी म्हणायचे. घरी दार अडवायला वापर. इकबालनं पाहिला आणि म्हणाला, "येड्या, अकीक हाय ह्यो. आमच्या आज्याच्या अंगठीत असलाच होता." साताऱ्याला एका ग्रॅनाइटवाल्याकडे समोर उभा राहून निम्मा कापून घेतला. नऊ काप निघाले. एकेका कापावरून एकेक साचा. माझ्या कोस्टरची कड दुसऱ्या कुणाकडे मिळायची नाही, ती त्यामुळे.

२४ नोव्हेंबर, रविवार

सु. म्हणाली, "मी वतते. तुमी भाईर बसा आन् सांगा."

सहा वर्षं तिला शेडमध्ये येऊ दिलं नव्हतं. केस, बांगड्या, पदराला पीठ. आज बांगड्या काढल्या, केस फडक्यात बांधले, लांब मोजे, मास्क. मी खिडकीबाहेर, वाऱ्याच्या बाजूला खुर्ची टाकून.

रेझिन शंभर ग्रॅम, हार्डनर पन्नास. एक्कावन्न झालं तर टाकून दे म्हणालो. झालंही, तिनं टाकलं. तीन मिनिटं एकाच दिशेनं ढवळ, कडा खरवड, ग्लास बदल, परत ढवळ. सगळं केलं.

म्हणालो, आता थांबायचं. किती ते तुला कळणार नाही.

तिनं काडी वर उचलली. खाली लोंबणारी तार बघितली. "आजून न्हाई." परत थोड्या वेळानं उचलली. "तार धरली. पाकच हाय की ह्यो, चिरोट्याचा."

आणि ओतलं. निळा, करडा, मग पांढरा. पांढरी रेघ केसाएवढी.

बोट घालायची गरज नव्हती. काडी पुरली असती. घरातच माहीत होतं, आणि मी विचारलं

पुढे लिहवत नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार

साच्यातून काढले. भिंगाच्या काचेखाली नऊही तपासले. तिसऱ्याला कडेच्या आत बुडबुडा, मोहरीएवढा. दाखवला.

"एवढाच का?" सु. म्हणाली.

एवढाच.

३ डिसेंबर, मंगळवार

ऐंशीच्या वर झाले. थंडीत रेझिन घट्ट येतं, वेळ चुकते. तिची चुकत नाही. मी खिडकीतून "आता" म्हणतो तोवर तिचं ओतून झालेलं असतं. पहिले दोन दिवस वळून बघायची. आता बघत नाही.

आत गुणगुणत असते. घरात कधी ऐकलं नव्हतं.

उजव्या हाताची कातडी पापडासारखी निघतेय. औषध चालू.

८ डिसेंबर, रविवार

इकबाल माल बघायला आला. ओसरीवर मांडला होता. त्यात आठ माझे, दिवाळीआधीचे. बाकी सगळे तिचे. हात का बांधलाय विचारलं, भाजलं म्हणालो.

त्यानं एक उचलून उन्हात धरला. तिचा. "तात्या, ह्यो तुझा हात. हजारात वळखीन गड्या. ही रेघ कुणाच्या बापाला जमायची न्हाई."

सु. चहा घेऊन दारात. ऐकलं तिनं. माझ्याकडे बघत उभी राहिली, ट्रे हातात. एक वाक्य बोलायचं होतं फक्त.

चहा घेतला आणि म्हणालो, "साखर कमी आहे."

ती साखरेचा डबा आणायला आत गेली.

१४ डिसेंबर, शनिवार

एकशेवीस गेले. डबे मी भरले, तेवढं जमतं. प्रत्येक डब्यात चिठ्ठी, नेहमीची: 'हस्तनिर्मित', खाली माझं नाव. शंभर चिठ्ठ्या शिल्लक होत्या, वीस परत छापून आणल्या. तेव्हाही बदलता आली असती.

सु.नं शेड झाडून घेतली. हात धुताना पाठमोरी म्हणाली, "त्यास्नी सांगितलं आसतं तर काय झालं आसतं वो?"

चिकटपट्टी गुंडाळत होतो. गुंडाळत राहिलो.

१९ डिसेंबर, गुरुवार

सु. दळण घेऊन गिरणीत गेलेली. इकबाल आला. चहा मी केला. तो हातांकडे बघत होता, आज फडकं नव्हतं.

"वैनींनी केलं नव्हं ते सगळं?"

कप त्याच्यापुढे सरकवला.

"मला तवाच कळलं. साखर बराबर होती रं चहात."

मग मुद्द्यावर आला. आणखी तीन लग्नांची मागणी आहे. त्याच्या दुकानामागं खोली रिकामी आहे. साचे आणि दगड त्याला द्यायचे. सु.नं तिथं येऊन काम बघायचं, दोन बायकांना शिकवायचं. पगार वेगळा, तिच्या नावानं. चिठ्ठीवर नावही तिचं. "तुला त्या वासात जाता यायचं न्हाई. हितं कुलूप लावून काय करनार हायस? वैनींस्नी इचार तरी."

नाही म्हणालो. तिला विचारायची गरज नाही म्हणालो. तो उठला, कप स्वतः मोरीत ठेवला आणि गेला.

शेडला कुलूप घातलं. किल्ली माझ्या खिशात.

सु. आली. पिठाचा डबा खाली ठेवला, मोरीत बघितलं. "दोन कप कुनाचे?"

इकबाल आलेला.

"काय म्हनला?"

अजून सांगितलेलं नाही. ती दारात उभी आहे, मी हे लिहितोय. नऊ साचे आणि राहिलेल्या निम्म्या दगडाचे, सु.चा पगार सोडून, त्यानं देऊ केलेले आणि मी नको म्हणालेले: एक लाख पंचवीस हजार.