जपानला न जाणारा कापूस

ता. २ ऑगस्ट १९४१, वडनेर
नामदेव भाऊजी खामगावहून तोंड पाडून आले. जपानी कंपनीच्या खरेदीला कुलूप. सरकारनं जपानशी सगळा व्यवहार बंद केला म्हणे. आमचा आखूड धाग्याचा कापूस तेच उचलत, इकडच्या गिरण्या नाक मुरडतात. आणि शेतातली कापसाची पराटी तर गुडघ्याला लागली. भाऊजी म्हणाले, "वयनी, मोडून टाकू. रान तयार करू, गहू-हरभरा पेरू."
म्हटलं, "हात तं लावून पाहा!" शेत आमच्या यांच्या वाट्याचं. हे वारल्यावर माझं, भाऊजी नुसते कसतात.

ता. ४
शाळेच्या गुरुजींना विचारलं, असं काऊन? म्हणाले, जपाननं चीन तुडवला, आता पुढचे मुलूख गिळायला निघालाय, त्याची रसद तोडलीच पाहिजे. न्याय आहे.
न्याय! तीन वर्षांपूर्वी चीनसाठी प्रभातफेरी निघाली, तेव्हा मी भर चौकात हातातल्या जपानी बांगड्या फोडल्या. सवाष्ण होते. हे नुसते हसले. पुढच्या वर्षी हे गेले, आणि सासूबाई अजून त्या फोडलेल्या बांगड्यांवरून टोमणे मारतात. तेव्हा कुठं होतं सरकार? खुशाल कापूस धाडत होतं. आता स्वतःच्या शेपटीवर पाय पडला तेव्हा जाग आली. तोडायचं ते आमचं पोट. विचारलं कोणी आम्हाला?

ता. ९
निंदणाला मजुरीवर सरू आणि तिच्या बाया आल्या. भाऊजींचा बेत कानावर गेलेला. सरू म्हणाली, "बाई, पराटी मोडली तं सीतादई कुठी करावं? वेचणी नसली तं हिवाळाभर आमी का खावं?" सीतादई म्हणजे वेचणीआधी शेतात दहीभात ठेवून करतात ती पूजा, या बायांचीच. गव्हाला एवढे हात लागत नाहीत. मी तिच्यावरच खेकसले. चूक.

ता. १४
भाऊजींशी कडाक्याचं भांडण. "कापूस घरात सडला तं बायाइले काय कापूस चारता?" खरं बोलतात म्हणून जास्तच राग येतो. सासूबाई त्यांच्या बाजूनं. जेवले नाही.

ता. २१
उद्या पोळा. भाऊजी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळत होते. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." किती मायेनं. मग माझ्याकडे न बघता, "पोळा झाला का दुसऱ्याच दिवशी पराटीत वखर जुपतो."

ता. २२, पोळा
ओवाळायला सासूबाई. मी विधवा, दाराआड. पोळ्या मात्र माझ्या हातच्या चालल्या! आज बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, तेवढ्यानं पराटी उभी आहे. सरूला निरोप धाडला, उद्या उजाडायच्या आत बाया घेऊन ये, वखरापुढं बसू.
सरूची सासू उत्तर घेऊन आली. "येतो म्हने समद्या. पन बाई, कापूस कोनीच नाई घेतला तं?"
म्हातारी ओसरीवर बसून आहे. तिला काय सांगून पाठवू...