पातेलं, झाकणासकट

लिहून ठेवतो मी, महिपती धोंडू भोपी, वय बावीस, काम कारखान्यात मशीन पुसण्याचं, राहणार अंबरनाथ, देवळाच्या वाटेला, बापाने बांधलेल्या कौलारू खोलीत, की माझं डोकं ठिकाणावर आहे. हे वाक्य पहिलं घालावंच लागतं असं शेजारचे विष्णुपंत सांगतात. पंत कल्याणच्या कोर्टात कारकून होते, त्यांना माहीत. मी म्हटलं, पंत, माझं डोकं ठिकाणावर आहे याला साक्षीदार कुठून आणायचा? मागच्या शिमग्यात मी तुमच्याच दाराला बाहेरून कडी घातली होती. पंत म्हणाले, "ते लिहू नकोस." लिहिलं.

हे मी कोणाच्या धाकाने लिहीत नाही, नशेत लिहीत नाही. येत्या गुरुवारी मुंबईच्या इस्पितळात माझं अंतर्गळाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, भूल देऊ, दोन तासांनी जाग येईल. आली तर उत्तमच. नाही आली तर खाली लिहिलंय तसं करावं.

कलम एक. खोली आणि पुढची पडवी माझ्या नावावर आहे. ती माझ्या पश्चात माझी आत्या विठा हिला. नुसती राहायला नाही, मालकीने. आत्या म्हणजे बापाची बहीण. मी अकरा महिन्यांचा असताना आई गेली. आत्या त्याच साली विधवा होऊन माहेरी आली होती, ती मला कडेवर घेऊन बसली ती बसलीच. बाप गेला तेव्हाही तीच होती. हेंद्रेपाड्याचा माझा चुलत भाऊ जनू याचा खोलीवर काडीचा हक्क नाही. हे मुद्दाम लिहितो. माझ्या ऑपरेशनचं कळलं तसा जनू भेटायला आला, चार पेरू घेऊन आला, आणि बोलता बोलता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पावलं मोजत फिरला. मी विचारलं, काय मोजतोस रे?

म्हणाला, "काय नाय, पायाला मुंग्या आल्यात."

आत्या चुलीपाशी होती. तिने पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिची दोन लुगडी गाठोड्यात बांधलेली दिसली, दाराशी. अजून तिथेच आहेत. रोज एक काढते, नेसते, धुते, परत बांधते. ते गाठोडं सुटलं पाहिजे. या कागदाचा मतलब तेवढाच. बाकीची कलमं माझ्या जिवाला लागून राहिलंय म्हणून.

कलम दोन. घरातलं सामान. खाट एक, माठ एक, ताटं दोन, तांबे दोन, कंदील एक, तवा, विळी, जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, पातेलं एक, झाकणासकट. संपलं. वाचणाऱ्याला वाटेल घर भिकेला लागलं होतं. तसं नाही. गेल्या साली दसऱ्यापर्यंत या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. रॉकेलचे रिकामे डबे, बूड गेलेली घमेली, करवंट्या, सुतळीचे गुंडे, औषधाच्या बाटल्या, छत्रीच्या काड्या, दांडा नसलेला झारा, आणि वर आढ्याला टांगलेली चिंध्यांची बोचकी. त्यातलं काहीही टाक म्हटलं की आत्याचं एकच: "असू दे, लागेल." बुचाशिवाय बाटली? असू दे, लागेल. बाटलीशिवाय बूच? असू दे, लागेल. मी कारखान्यात तिची नक्कल करायचो, पोरं हसून हसून लोळायची. ती नक्कल मी आता करत नाही. कोणी करू नये.

कलम तीन. पसारा कसा गेला ते. आमच्या कारखान्यात मशीन पुसायला चिंध्या लागतात. त्या उल्हासनगरच्या कॅम्पातून येतात, हशमतराय नावाच्या सिंधी शेटकडून. बोहारणी घराघरातून जुने कपडे घेतात, भांडं देतात, कपडे हशमतरायला विकतात, तो फाडून गठ्ठे बांधून आमच्याकडे धाडतो. एकदा गठ्ठे आणायला मी गेलो. बराकीतली त्याची खोली पाहिली. एक खाट, एक माठ, एक पेटी. भिंती साफ. मी तर खूश झालो. म्हटलं, शेट, घर कसं मोकळं ठेवलंय तुम्ही, आमच्याकडे तर उंदरांनाही रांग लावावी लागते.

तो हसला नाही. म्हणाला, "मोकला नहीं, बेटा. खाली है."

मला वाटलं दोन्ही एकच. याला मराठी येत नाही, मला हिंदी येत नाही, सोडून दिलं. तो सगळं सिंधमध्ये टाकून आला होता हे मला ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि डोक्यात शिरणं यात अंतर असतं, आणि माझी तर शाळा चौथीतच थांबली.

मग जनूच्या पोरीचं बारसं आलं. आत्या चार दिवस हेंद्रेपाड्याला गेली. मी ठरवलं, आली की घर ओळखता येणार नाही असं करायचं. निम्मी गंमत, निम्मी हौस. डबे, लोखंड, बाटल्या भंगारवाल्याने नेल्या. कापड राहिलं, तर वेणूबाई बोहारीण दारात आलीच. कपड्याच्या ढिगावर तिने हे जर्मनचं पातेलं काढलं. मी म्हटलं, झाकण? ती म्हणाली, "झाकण वेगळं. आणिक काय तरी घाल." मी वर बघितलं. आढ्याला एक बोचकं राहिलं होतं, लहानसं, गाठ घट्ट. सोडूनही बघितलं नाही. फेकलं तिच्या टोपलीत. वेणूबाई म्हणाली, लई पक्का आहेस. मला त्याचा दिवसभर अभिमान वाटला.

आत्या यायच्या दिवशी दारावर खडूने लिहिलं, "विठाबाई इथे राहत नाहीत. पुढे विचारा." तिला वाचता येत नाही हे लिहून झाल्यावर आठवलं. पण गरज पडली नाही. तिने दारातून आत डोकावलं, रिकामी खोली बघितली, "चुकले हो," म्हणाली आणि पंतांच्या दाराकडे गेली. मी दाराआड पोट धरून हसत होतो.

पंत तिला परत घेऊन आले. ती आत आली, वर बघितलं, आणि विचारलं, "आढ्याचं बोचकं?"

मी झाकण दाखवलं.

ती खाटेवर बसली. मारलं नाही, ओरडली नाही. मारलं असतं तर बरं होतं. मग सांगितलं. बोचक्यात माझ्या आईचं लुगडं होतं. डाळिंबी रंग, रुईफुली काठ. आई गेली तेव्हा अंगावर होतं ते नव्हे, मला मांडीवर घेऊन बसायची तेव्हाचं. आमच्यात पोर जन्मलं की पहिलं कापड नवं घालत नाहीत, जुन्या लुगड्याचं दुपटं करतात. आत्याने ते त्यासाठी वीस वर्षं जपलं होतं.

"तुझ्या पोराला आजीची मांडी मिळाली असती," म्हणाली. एवढंच.

त्यानंतर तिने "असू दे, लागेल" म्हणणं सोडलं. दोरीचा तुकडासुद्धा उचलीना. जे होतं त्यातलंही वाटत सुटली, पाट पंतांना, उखळ कोणाला. पातेल्याला तर हात लावला नाही, भात तांब्यात शिजवायची, वर ताटली ठेवायची. घर एकदम साफ झालं. भिंती दिसायला लागल्या. बोललं की आवाज घुमायचा. तेव्हा मला शेटचं बोलणं कळलं. मोकळं आपण करतो. रिकामं होतं.

कलम चार. हशमतराय शेट यांचे माझ्यावर उपकार आहेत, ते फेडायचे राहिले. वेणूबाईने सांगितलं कापड त्यांच्याकडे गेलं, तसा मी गेलो. हकिगत ऐकली आणि गोदामाची किल्लीच दिली. नऊ रविवार मी गठ्ठे उतरवले, सोडले, परत बांधले. शेट शेजारी बसून एकेक चिंधी उलटायचे. डाळिंबी रंग पुष्कळ निघाले, रुईफुली काठ नाही. एकदा मी म्हटलं, शेट, तुम्ही कशाला? म्हणाले, "मेरा तो वहीं रह गया, ढूँढने कहाँ जाऊँ? तेरा इधर ही है." नवव्या रविवारी गठ्ठा उचलताना जांघेत काहीतरी सरकलं. तोच हा अंतर्गळ. शेटना माझा कारखान्यातला हजेरीचा बिल्ला सोडून जे पाहिजे ते द्यावं. त्यांना काही नकोच असेल. तरी विचारावं.

पंतांना: तुमची डावी चप्पल हरवली ती मीच विहिरीत टाकली होती. उजवी तुम्ही अजून ठेवलीत, ते बघून मला वाईट वाटतं.

कलम पाच. हे कोणाला ठाऊक नाही. लुगडं गोदामात नव्हतंच. ते आधीच गेलं होतं, आमच्याच खात्यात, माझ्याच मशीनशेजारच्या चिंध्यांच्या पेटीत. महिना दोन महिने मी त्यानेच तेल पुसत होतो. परवाच्या आषाढात पेटीच्या तळाशी वीतभर तुकडा निघाला. अर्धा काळा, पण काठ दिसत होता. बाकीचं मी पुसून भट्टीत टाकलं असणार, या हाताने. तुकडा घरी आणला, सोड्यात उकळला, तेल जाईना. आत्याला दाखवायची छाती झाली नाही. ती ज्याला हात लावत नाही अशी घरात एकच जागा होती. तेव्हा जर्मनचं पातेलं, झाकणासकट, आणि आत जे आहे ते, आत्याला. झाकण तिने स्वतः काढावं. मी समोर नसेन तेव्हाच.

हे एवढं कच्च्या कागदावर झालं आणि पंत म्हणाले, मोठ्याने वाचून बघू, कोर्टाची तशी पद्धत. माझ्या ध्यानात यायच्या आत त्यांचं कलम पाच वाचून झालं. आत्या चुलीपुढे होती. उठली, पातेलं काढलं, झाकण उघडलं. तुकडा उजेडात धरला. मी जमिनीकडे बघत होतो.

"काठ शाबूत आहे," म्हणाली. "दुपटं नाही व्हायचं. तुझ्या पोराच्या कुंचीच्या कडेला पुरेल."

मी म्हटलं, आत्या, मी त्याने मशीन पुसलं.

"ऐकलं मी. बहिरी नाही."

म्हणून कलम पाच रद्द, वस्तू मालकाकडे पोचली. कलम एक कायम. पंतांनी हा पक्का कागद पुढे सरकवला, मी कच्चा चुरगळून चुलीत टाकायला निघालो. तिने हातातून घेतला. मांडीवर सरळ केला, घडी घातली, गाठोड्यात ठेवायला गेली आणि थांबली. मग गाठोडं सोडलं, लुगडी दांडीवर टाकली, आणि कागद आढ्याच्या फटीत खोचला, बोचकं होतं तिथे. मी म्हटलं, अगं, कच्चा आहे तो, काय करायचाय?

"असू दे," म्हणाली. "लागेल."

वर लिहिलेलं मी वाचलं, मला कबूल आहे.

सही: महिपती धोंडू भोपी

साक्षीदार:
१. विष्णुपंत, निवृत्त कारकून, शेजारी. (चप्पल माफ.)
२. हशमतराय, कॅम्प, उल्हासनगर. सही सिंधीत, उजवीकडून डावीकडे.

मुक्काम अंबरनाथ, रविवार, ता. २५ नोव्हेंबर १९५६