पिवळे पडलेले सांधे

मंगळवार, संध्याकाळ

माझ्या आरामखुर्चीच्या जागी चार दिवस फ्रिज विराजमान आहे आणि अखंड जप करतो आहे. स्वयंपाकघरातल्या नव्या लाद्या पक्क्या होईपर्यंत त्यांच्यावर जड काही ठेवायचं नाही, ही लादीवाल्या जनूची आज्ञा!

आज तो बघायला आला. लाद्यांमधले पांढरे सांधे पिवळे पडलेत. मी म्हटलं, "जनूशेठ, सिमेंटात हळद घातलीत काय?"

तो हसला नाही. "काका, सिमेंट पांडरंच होतं. पानी तुमच्या बोरिंगचं हाय. उद्या फ्रिज ठेवा, दिसणार नाय."

नाही दिसणार. पण तेच पाणी आम्ही नऊ वर्षं पितोय, आणि गेल्याच महिन्यात माझ्या बायकोच्या, कुंदाच्या, किडनीचा रिपोर्ट वाईट आला. आत्ताच ती माझ्यापुढे चहा ठेवून गेली. तिला हे कसं सांगू? मला भीती वाटतेय.