शिवलीलानं विचारलं

३ सप्टेंबर, चाकूर
लातूरला जाऊन आलो. सुनेचे, शिवलीलाचे, टाके निघाले. छातीतली गाठ गेली, जखम सुकली. पुढच्या आठवड्यात केमो. डॉ. शेवटी म्हणाले, "काही विचारायचंय?" आमच्यात दवाखान्यात थोरल्यानंच बोलायचं. मालकांनी हात जोडले, "तुम्ही म्हणाल तसं, साहेब." झालं, उठलो.
पोरगी सव्वीस वर्षांची, लग्नाला दुसरं वर्ष.

४ सप्टें.
भाकऱ्या करताना बोलली. "आई, वॉर्डातली बाई सांगत होती, त्या औषधानं पुढं लेकरू होणं अवघड जातंय. खरं का?"
मला काय ठाव? शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं दुकानातले पुड्यांचे कागद वाचून. त्यात हे कुठं आलं नव्हतं. म्हणलं, उद्या दोघी जाऊन विचारू. तेवढ्यात मालक, "मी बी येतो." घ्या! सासऱ्यासमोर डोईवरचा पदर ढळू न देणारी पोर, हा विषय कसा काढणार?

५ सप्टें., लातूर
काढला! मालक शेजारच्या खुर्चीत असताना.
"डॉक्टर, केमोनंतर मला लेकरू होईल का?" पदर सावरला, पण वाक्य पुरं केलं. मालक पंख्याकडं बघायलेत.
डॉ.नी पेन खाली ठेवलं. "हे मीच आधी सांगायला पाहिजे होतं. औषधानं स्त्रीबीजं कमी होतात, कुणाची पाळी कायमची जाते. पण केमोआधी बीजं काढून गोठवून ठेवता येतात."
मी म्हणलं, "मग सांगितलं का न्हाई हो?"
"मावशी, आमचं सगळं ध्यान जीव वाचवण्यावर. आणि सासरे समोर बसलेले, कसं बोलावं…"
म्हंजी डॉक्टरलाबी पदर!
पण माणूस सरळ. तिथल्या तिथं नांदेडला, बीजं गोठवतात त्या दवाखान्यात, फोन लावला. रिपोर्ट परत बघून म्हणाले, केमो दोन आठवडे थांबवली तर चालेल.

८ सप्टें., नांदेड
नणंदेकडं मुक्काम. माझा लेक बसू रजा टाकून आला, बायकोजवळ हवाच. रोज पोटात सुई. मी तोंड फिरवते, ती न्हाई. इथल्या मॅडम स्पष्ट बोलल्या, "खात्री देत नाही. वाट तेवढी मोकळी ठेवतो."

२० सप्टें.
निघाली बीजं, ठेवली. पोरगी दमलीय, पण ठीक. मालकांचा फोन, "नीट झालं का?" हाव म्हणलं. मग "इकडं पाऊस हाय," म्हणाले.
आता केमो.

१६ नोव्हें., लातूर
आज ऊर भरून आला, लिहूनच ठेवते. डॉ.नी शिवलीलाला डॉक्टरांच्या बैठकीत बोलायला बोलावलं. आधी स्वतःच उठून म्हणाले, "माझ्याकडून राहून गेलं होतं. आता तरुण बाई आली की पहिल्या भेटीतच सांगतो." मी अन् मालक मागं बसलेलो. मग ही. केस गेलेले, डोईला रुमाल, साडी माझी जांभळी.
एक डॉक्टर म्हणाले, "आमच्या पेशंट विचारतच नाहीत."
"सर, तंबाखू खाता का, हे तुम्ही आमच्या मामांना, म्हंजी सासऱ्यांना, सगळ्यांसमोर विचारता. तसंच हे बी आम्हाला विचारा की."
सगळे हसले. मालक सगळ्यात मोठ्यानं, अन् हात खिशावर, डबी झाकायला! शेजारच्या बाईंना मी आपणहून सांगितलं, आमची सून हाय.

११ जानेवारी, चाकूर
अजून केमो बाकी, मग गोळ्या. लेकराचं त्यानंतर काही वर्षांनी बघू, म्हणतात डॉ.
दुपारी अंगणात आम्ही दोघी तुरीच्या शेंगा सोलत होतो. एकदम म्हणाली, "आई, न्हाईच झालं तर? वाईट वाटंल तुम्हाला?"
"वाटंल की. खोटं कशाला बोलू? तुला?"
"लई." मग दाणे सुपात टाकत, "पण झालं तर नाव मी ठेवणार. मामांना आत्ताच सांगून ठेवा."
आत मालक खोकले. ऐकत होते वाटतं.