आमच्या गल्लीचे दहापैकी दहा

३ मार्च
माणूस किती सुखी आहे हे शून्य ते दहामध्ये सांगता येतं? मला नाही माहीत. तरी पालिकेचा टॅब घेऊन दारोदार हेच विचारतेय. ज्या वस्तीचा आकडा सर्वांत कमी, तिथे हवा तपासायचं यंत्र बसणार. एकच आहे. ते बसलं की कारखान्याच्या धुराची रोज नोंद होईल, मग नोटीस निघेल. आमच्याच वस्तीला मिळायला हवं — बाबांना जिना चढताना तीनदा थांबावं लागतं.

५ मार्च
माझ्याबरोबर याच कामाला लागलेली एक मुलगी आहे. मी मनात तिला ‘तळ्यावरची’ म्हणते. तिच्या भागात तळं, झाडं, खिडक्यांना पांढरे पडदे. आमच्या दोरीवरचा सदरा संध्याकाळपर्यंत करडा होतो! आणि तिला लोक तीन देतात, चार देतात. का, तर इंटरनेट हळू चालतं म्हणे! नुसता जळफळाट झाला. दुसऱ्याच्या दुःखाचा हेवा करायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

६ मार्च
आमच्याकडे सगळे दहा. शिंपीणकाकूंना खोकल्यामुळे बोलवेना, तर दोन्ही हातांची बोटं दाखवली.

९ मार्च
यंत्र तळ्यावर जाणार. साहेबांनी माझं अभिनंदन केलं — तुमची वस्ती शहरात सर्वांत सुखी!

घरी येताना काकूंना जाब विचारला. म्हणाल्या, “अगं, गल्लीतली पहिली ग्रॅज्युएट पोर परीक्षेसाठी दारात आली. तुला काय चार देऊ?”

सगळ्यांनी मलाच गुण दिले होते! बाबांनीसुद्धा. वर विचारतात, दहाच्या पुढे काही होतं का? आणि मी वेडी, एकालाही नीट समजावून सांगितलं नाही. घाईत टॅबवर बोट टेकवत गेले.

तिला लोक खरं सांगतात. माझे लाड करतात. हेव्यात ही आणखी एक भर.

१० मार्च
पालिकेत जाऊन पाहिलं. यंत्र अजून खोक्यातच आहे.

१२ मार्च
काल साहेबांना लेखी दिलं — माझे सगळे फॉर्म रद्द करा, चूक माझी. पाहणी तिच्याकडून पुन्हा करून घ्या. पालिकेत कायम नोकरी मिळणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव गेलं. ती आत्ता आमच्या घरात बाबांना विचारतेय. दार मीच बाहेरून ओढून घेतलं.