कडधान्यांचा कुत्रा

प्रिय वर्ना,

तुझा गुडघा कसा आहे? एमेटचा खोकला थांबला का? म्हातारी मांजर जेवते ना?

आम्ही सुखरूप आहोत. शाळांच्या लॅटिन भाषेच्या संमेलनात सगळी पोरं चादरी गुंडाळून रोमन झालीत. तिथल्या कलास्पर्धेत आपल्या डेल्फीनने कडधान्यं चिकटवून केलेल्या कुत्र्याच्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. पण येताना बसमध्ये त्याचा डोळा निखळला होता. स्पर्धेत दुसऱ्याचा हात लागलेला चालत नाही हे ठाऊक असूनही मी गुपचूप नवा बसवला. परीक्षक म्हणाले, "डोळा काय जिवंत आहे!"

मग मला राहवेना. डेल्फीनला सांगून टाकलं.

"आजोबा, आंधळा असता तरी माझा असता की!" म्हणाली आणि बक्षीस स्वतः परत करून आली. तेव्हापासून माझ्याशी अबोला आहे.

शनिवारपर्यंत इथेच आहोत. लगेच पत्र लिही, पण मला नको, तिला. आणि माझी बाजू घेऊ नकोस.

तुझाच,
ऑर्विल