मिठाच्या रिंगणात

प्रिय खारू,

सगळ्यात आधी एवढं वाच आणि मग हवं तर पाणी पिऊन ये. दादा बरा आहे. तुझा बाबा बरा आहे. हॉस्पिटलमधून त्याला मी माझ्याच घरी आणलं, कारण डॉक्टरांनी सध्या जिने चढायला मनाई केली आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस स्वतः बिनलिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो हे कळल्यावर तिथल्या नर्ससुद्धा हसल्या. तोही हसला. हसल्यावर छातीवरचे टाके ओढतात म्हणून नंतर माझ्यावरच चिडला. तेव्हा समजून घे, की गाडी रुळावर आली आहे.

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेज उघडत नाहीस. तू ज्या मैत्रिणीकडे जाऊन राहिली आहेस, तिने तिच्या मातीकामाच्या भट्टीचा पत्ता दिला, तोही खूप आढेवेढे घेऊन. घरून काही कळलं तर मला सांगू नकोस, असं तू तिला बजावलं आहेस म्हणे. का, ते मला कळतं. वाईट बातमी ऐकलीच नाही, तर ती घडली नाही असं मानून चार दिवस ढकलता येतात. म्हणून मी बातमी पहिल्याच ओळीत लिहिली. आता पुढचं सावकाश वाच. हे पत्र मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिते आहे आणि मला घाई नाही.

प्रदर्शन अजून चालू आहे. तुझं मागचं दालन सोडून सगळं. एवढी वर्षं या गॅलरीत मांडणीचं काम करते आहे, भिंतीवर काय काय टांगलं आणि उतरवलं त्याची गणती नाही, पण हल्ली कलाकारांत या गूढाचं, मंत्रतंत्राचं जेवढं वेड आलं आहे तेवढं मी कशाचंच पाहिलं नाही. तो काजळीवाला आठवतो ना तुला? मेणबत्तीच्या धुराने भिंतीवर ग्रहांची चक्रं काढणारा. शुभ वेळ आल्याशिवाय तो शिडीवर पाय ठेवायचा नाही आणि आमची माणसं खाली हात बांधून उभी. ती काळ्या आरशांची बाई तर, भिंतीवरचं आर्द्रता मोजायचं यंत्र काढून टाका, त्याने आरशातलं कुणीतरी बिथरतं, म्हणून अडून बसली होती. मी ते यंत्र चार हात पलीकडे सरकवलं आणि आरशातल्याची माफी मागितली. तू शिडीखाली उभी राहून तोंड दाबून हसत होतीस. त्या सगळ्यांत तूच एक शहाणी, असं मला वाटलं होतं.

मग आपण तुझं काम मांडायला घेतलं. कागदाच्या नळीतून मीठ सोडत सोडत तू जमिनीवर रिंगण काढलंस, मी मागून पट्टीने कडा सारखी करत होते. मध्ये स्टूल ठेवलं आणि त्यावर तो मेणाचा माणूस बसवला. त्याच्यावरचं कापड काढल्यावर मला दादाचा तो कामावरचा राखाडी शर्ट दिसला. खिशाच्या खाली ग्रीसचा डाग होता. तो डाग मी स्वतः कितीदा तरी घासला आहे, खारू. मी तुझ्याकडे पाहिलं, तर तू म्हणालीस, “कलाकृती आहे, आत्या.” मी बरं म्हटलं. कोपर, मनगट, गुडघे, मान, जिथे जिथे माणूस वाकतो तिथे तिथे तू काळा दोरा बांधला होतास, आणि एक दोरा छातीवरून फिरवून डाव्या बाजूला गाठ मारली होतीस. भिंतीवर एकच ओळ लिहिली होतीस, ‘ज्याने मला धरून ठेवलं, त्याला मी बांधते.’ तुझ्या शिक्षणावरून, खोली घेऊन वेगळं राहण्यावरून, या असल्या चित्रांवरून तुम्हा दोघांत जे काही झालं, त्यातलं निम्मं माझ्याच घरात झालं आहे. वहिनी गेल्यापासून तो तुला डोळ्यांआड होऊ द्यायचा नाही आणि तुझा जीव गुदमरायचा. तेव्हा ती ओळ वाचून मला धक्का बसला असं नाही. एवढंच वाटलं, की बोलता आलं नाही म्हणून पोरीने हे केलं आहे.

उद्घाटनाला तो येईल असं तुला वाटलं नव्हतं. मलाही नाही. इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापूनचोपून बसवून तो आला, आणि सरळ मागच्या दालनात गेला. पुढचं तू पाहिलंसच. पण तू फक्त त्याच्याकडे पाहत होतीस, म्हणून बाकीचं मी सांगते. तो बराच वेळ त्या आकृतीसमोर उभा होता. मग त्याने छातीवर हात ठेवला आणि मिठात गुडघ्यांवर बसला, आणि लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. एकाने टाळ्यासुद्धा वाजवल्या. तो आडवा झाल्यावरही दोघंतिघं मोबाइल धरून उभे होते. त्या गर्दीतून पहिला कोण धावला माहीत आहे? तो काजळीवाला. कॉलेजात असताना प्रथमोपचार शिकला होता म्हणे. ग्रहांचं काहीएक न विचारता तो दादाच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब देत राहिला, मोठ्याने आकडे मोजत, रुग्णवाहिका येईपर्यंत. घामात काजळी मिसळून त्याचा सगळा चेहरा काळा झाला होता. त्याच्यावर केलेले सगळे विनोद मी परत घेतले आहेत. शुभ वेळेचा सोडून.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तू मला एकच वाक्य बोललीस. “शेवटची गाठ मारताना मी खरंच त्याचं वाईट चिंतलं होतं, आत्या.” मी काही उत्तर देणार तेवढ्यात आतून सहीसाठी बोलावलं. परत आले तेव्हा बाकड्यावर तुझी ओढणी होती आणि तू नव्हतीस. ते वाक्य तेव्हापासून माझ्या कानात बसलं आहे. तुझ्या तर काळजातच बसलं असणार.

इकडे काय झालं तेही ऐक. दुसऱ्या दिवसापासून गॅलरीबाहेर रांग. त्या आकृतीत खरोखर शक्ती आहे, बाप समोर आला आणि कोसळला, असं जो तो दुसऱ्याला सांगत होता. आमच्या संचालकबाईंनी दालन उघडं ठेवायचं म्हटलं. मी म्हटलं, ठेवा, पण मग मांडणी करायला दुसरं कुणीतरी बघा. दार लावलं, ‘देखभालीसाठी बंद’ अशी पाटी लावली आणि किल्ली पर्समध्ये टाकली. तेवढ्यात मैत्रिणीकरवी तुझा निरोप आला, की सगळं जाळून टाका. बाई त्यालाही तयार होत्या. मी जाळलं नाही. मीठ ओतताना तूच सांगितलं होतंस, की अशी गाठ कापली किंवा जाळली तर कायमची बसते, ती सोडवावीच लागते, आणि तीही उलट्या क्रमाने, शेवटची आधी. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण तो आयसीयूत होता आणि मी हातात कात्री घेऊन त्या मेणाच्या माणसासमोर उभी होते, तेव्हा माझा हात काही केल्या पुढे होईना. डोकं ज्याला हसतं त्याला हात कधीकधी भितात. मी कात्री ठेवून दिली आणि घरी आले.

दादाला चालायला परवानगी मिळाल्यावर त्याने पहिली मागणी केली ती तिथे जायची. मी नको नको म्हटलं. तो म्हणाला, “मला नीट बघू तरी दे, त्या दिवशी अर्धंच बघून झालं.” मग गॅलरीच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी, टॅक्सीने त्याला घेऊन गेले. दालनात विस्कटलेलं मीठ तसंच होतं. तो खुर्ची ओढून त्या आकृतीच्या समोर बसला. दोघं सारख्याच शर्टात. आणि तो म्हणतो काय, “माझं पोट एवढं सुटलंय का?” मग भिंतीवरची ओळ वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. “बरोबर लिहिलंय तिने,” म्हणाला.

मी त्याला गाठींचं सगळं सांगितलं, तुझं कॉरिडॉरमधलं वाक्यसुद्धा. सांगायला हवं होतं की नको, माहीत नाही, पण मला ते एकटीला पेलत नव्हतं. तो म्हणाला, “शेवटची कुठली?” मी छातीवरची दाखवली. “मग तिथूनच सुरू करू.” त्याने चष्मा लावून त्या गाठीवर बोट फिरवलं आणि एकदम थांबला. मला वाटलं पुन्हा दुखायला लागलं. पण त्याने दोऱ्याचं खालचं टोक चिमटीत धरलं, हलकेच ओढलं, आणि गाठ आपोआप उलगडली. तू लहान असताना तो तुला लिफ्टच्या मशीनच्या खोलीत घेऊन जायचा ना, तिथे हत्यारांची पिशवी टांगायला त्याने तुला ही गाठ शिकवली होती. वजन आलं की घट्ट बसते आणि टोक ओढलं की सुटते. तू सगळ्या गाठी त्याच मारल्या होत्यास, खारू. मुद्दाम की हाताच्या सवयीने, ते तुझं तुला ठाऊक. तो म्हणाला, “ज्याला कायमचं बांधायचं असतं तो ही गाठ मारत नाही. ही सुटण्यासाठीच असते.” मग मान, गुडघे, मनगट, कोपर, असा एकेक दोरा सोडवून तो बोटाला गुंडाळत गेला. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले, कारण रडताना मी फार वाईट दिसते.

आणि ते सोडवता सोडवताच, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं त्याने सांगितलं, की छातीत दुखणं नवं नाही. दोन वर्षं दुखतंय. मशीनच्या खोलीचा शेवटचा लोखंडी जिना चढताना मध्येच थांबावं लागायचं. कुणाला कळलं तर लिफ्टच्या शाफ्टमधलं, त्या उभ्या विहिरीतलं काम काढून घेऊन ऑफिसात टेबलावर बसवतील, म्हणून हा गप्प. मी त्याला जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. भाऊ आजारी नसता तर आणखी बोलले असते. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांनाही स्पष्ट विचारलं, की एखाद्या धक्क्याने, काही भलतंसलतं पाहिल्याने असं होतं का. ते म्हणाले, रक्तवाहिन्या इतक्या तुंबायला वर्षं लागतात, हे त्या संध्याकाळी नाही तर त्याच आठवड्यात कुठेतरी होणारच होतं. त्या आठवड्यात त्याचं काम कुठे होतं, मी विचारलं. जुन्या इस्पितळाच्या शाफ्टमध्ये, एकट्याने. तू ती आकृती गेल्या हिवाळ्यात करायला घेतलीस. दादाचं दुखणं तिच्यापेक्षा वयाने मोठं आहे. तू त्याचं वाईट चिंतलंस, ते खरं असेल. संतापलेली मुलं चिंततात, आईबापही चिंततात आणि मग घाबरून जीभ चावतात. पण तुझ्या चिंतण्याने त्याच्या केसालाही धक्का लागलेला नाही. हे मी तुझी समजूत घालायला म्हणत नाही. रिपोर्ट मी स्वतः पाहिले आहेत, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला गाढ झोप लागली.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते, कारण नुसती खुशाली तर तुझ्या मैत्रिणीकडेही सांगता आली असती. दादाला तुझ्याकडे यायचं आहे. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं आहे, पुढच्या रविवारची सकाळची गाडी त्याने बघून ठेवली आहे, मी सोबत असेन. पण तिकीट काढायला तो तयार नाही. मला म्हणाला, “आधी तिला विचार. एकदम दारात दिसलो तर घाबरेल, तिला वाटेल भूतच आलं. आणि नको म्हणाली तर तसं कळव, मी राग मानणार नाही, ती म्हणेल तेव्हा येईन.” तुझ्या हॉस्टेलवर, तुझ्या भाड्याच्या खोलीवर, तुझ्या मैत्रिणींच्या घरी न सांगता जाऊन उभा राहणारा माणूस हा. तुला विचारून यायचं त्याला या वयात सुचलं आहे. तेव्हा तुझ्या मैत्रिणीच्या फोनवरून मला एकच शब्द पाठव, ये किंवा नको. जो असेल तो मी त्याला सांगेन आणि तो ऐकेल. तो आत्ता माझ्या समोर बसून मटार सोलतोय, निम्मे तोंडात टाकतोय, आणि दर थोड्या वेळाने मान वर करून विचारतोय, झालं का लिहून.

तुझीच,
आत्या